माझी ताकद फक्त एक

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. तुम्ही खेळता, जमवता, अदलाबदल करता, तसलंच. माझ्यावर जळक्या झाडावर बसलेल्या घारीचं चित्र आहे, म्हणून मी स्वतःला घारच म्हणते. माझा एक कोपरा दुमडलाय आणि पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो डाग ज्याने पाडला, त्याच्यावर मी सूड उगवला. त्याचीच ही हकिकत.

माझं चित्र काढलं धाकटीने. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. थोरली आक्का इस्पितळात नर्स आणि धाकटी चित्रकार. घारीचा डोळा मनासारखा जमेना, म्हणून धाकटीने तो कितीदा तरी खरवडून पुन्हा रंगवला. पंखाखाली, धुराच्या करड्या रंगात, तिने एक पिल्लू लपवलं.

"अगं, हे कुणाला दिसणार तरी आहे का?" आक्काने विचारलं.

"जो नीट बघेल त्याला दिसेल."

खेळ बनवणाऱ्या कंपनीने चित्राखाली माझा नियम छापला: ताकद एक. जो हिला पाडेल, तो हिच्याबरोबर पडेल. छापून आलेलं पहिलं कार्ड धाकटीला मिळालं. ते कार्ड म्हणजे मी.

कोपऱ्यावरच्या खेळांच्या दुकानात नव्या कार्डांची पारख पंडित करायचा. पंडित हे त्याचं टोपणनाव. खेळात त्याला कुणी हरवलं नव्हतं आणि तो ज्याला चांगलं म्हणेल, तेच कार्ड सगळे मागायचे. धाकटी मोठ्या हौसेने मला त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने चहा पिता पिता माझ्यावरून नजर फिरवली.

"रंग मळकट. पंखाखाली तर शाईचा डागच पडलाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि डाव एकदम फुसका. हिला पाडणारा मरणार, मग हिला पाडायला जाईल कोण? बसेल एका जागी अंडी उबवत!"

अख्खं दुकान खदखदून हसलं. पंडिताने मला पालथं टाकलं आणि माझ्यावर कप ठेवला. धाकटीने कप उचलला, मला ओढणीने पुसलं आणि खाली मान घालून घरी आली.

पंडिताचं मत कंपनीपर्यंत पोचलं. धाकटीला पुढची चित्रं मिळाली नाहीत. ती जेवताना बोलेनाशी झाली. मी टेबलावर पडल्या पडल्या जळत होते. मला खरी नखं असती ना मित्रांनो, तर मी त्याच्या खिडकीवर जाऊन बसले असते.

आक्काच्याही डोक्यात तेच होतं. "त्याला त्याच्याच खेळात लोळवलं नाही, तर मी नावाची आक्का नाही," ती म्हणाली. जन्मात कधी तिने कार्ड हातात धरलं नव्हतं. आता ड्युटी संपली की ती मला घेऊन त्याच दुकानात जाऊन बसायची आणि हरायची.

"काय सिस्टर, आज किती पेशंट घालवलेत?" पंडित विचारायचा.

आक्काही हसायची. पण तिची नजर त्याच्या हातांवर असायची. हळूहळू तिला एक गोष्ट कळली. कुणी डिवचलं की या माणसाला धीर धरवत नाही.

दुकानाच्या वार्षिक सामन्यात आक्का धडपडत शेवटच्या फेरीत पोचली. समोर पंडित आणि त्याचा लोखंडी अजगर, ताकद नऊ. अजगराने आक्काची कार्डं एकामागून एक गिळली. पण या झटापटीत पंडिताकडेही अजगर सोडून काही उरलं नाही. आक्काच्या हातात होते मी आणि एक उंदीर.

या खेळात प्रत्येकाचं एक दार असतं. समोरच्याच्या दारात कार्ड उभं असेल, तर आधी ते पाडावं लागतं. दार मोकळं मिळालं आणि कुणी आत शिरलं, की तो जिंकला. आक्काने मला दारात उभं केलं.

"अरे, ही तर आपली अंडी उबवणारी!" पंडित ओरडला. लोक हसले.

तो एक खेळी थांबला असता, तर नवं कार्ड उचलून वाचला असता. त्याचा हात गड्डीकडे वळलाही होता.

"थांबा हो, थांबा," आक्का मायेने म्हणाली. "भीती वाटणारच. आमचे पेशंटही सुई बघून असेच थांबतात."

पंडिताचे कान लाल झाले. रागाच्या भरात माझा नियम विसरून त्याने अजगर माझ्यावर दाणकन आपटला. माझा कोपरा दुमडला तो तेव्हाच. मी पडले, आणि पडताना अजगराला घेऊन पडले. काय सांगू मित्रांनो, इतकं गोड पडणं कुणाच्या नशिबी नसेल!

"अहो, हे कसं काय..."

"नियम वाचा की. पारख तुम्हीच केली होती," आक्का म्हणाली आणि तिने उंदीर त्याच्या उघड्या दारात सरकवला.

पंडिताने हात पुढे केला. आक्काने तो घेतला नाही. तिने मला त्याच्यासमोर ठेवलं. "आता चित्र बघा. डाग कुठाय तो दाखवा."

तो वाकला. चष्मा पुसून पुन्हा वाकला. "पिल्लू आहे," तो पुटपुटला.

"त्या दिवशी मोठ्याने बोलला होतात."

"पिल्लू आहे!" या वेळी कुणीही हसलं नाही.

पुढे पंडित घरी आला. कंपनीकडे शब्द टाकतो म्हणाला. धाकटी दारातूनच म्हणाली, "तुमच्या शब्दाने गेलेलं काम तुमच्याच शब्दाने परत नको." आणि तिने दार लावलं. मग ती मागे वळली आणि कव्हर न घालता मला खेळायला नेल्याबद्दल आक्काला अशी झाडली म्हणता! कितीतरी महिन्यांनी त्या घरात भांडण झालं. मला फार बरं वाटलं.

पंडिताला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण तुम्हाला एक सांगते, मित्रांनो. कुणी जीव ओतून केलेलं काम हाती आलं, तर आधी ते डोळे भरून बघा, मग तोंड उघडा. आवडलं नाही तर खुशाल तसं सांगा, पण चार लोकांना हसवायला सांगू नका. ज्याने ते केलंय तो कदाचित गप्प निघून जाईल. त्याची बहीण मात्र खेळ शिकायला बसलेली असेल.