नमुना काढला, तरी टेकाड उभं

या मित्रांनो, अगदी जवळ सरकून बसा. अशी हकिगत सांगतो की तुमचेही हातपाय गार पडतील.

मी एक जुना स्फटिक आहे. मिठाच्या भाऊबंदांतला, म्हणून ओल सोसत नाही. ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद. साठच्या दशकात म्हैसूरच्या विद्यापीठात आलो. काही अणूंची केंद्रकं बीटा कण फेकतात, पण लगेच निवत नाहीत. कीर्तन संपलं तरी अंगात टाळ वाजत राहतात ना, तशी ती खळबळलेली असतात. मग गॅमा किरण सोडून शांत होतात. तो किरण शिरला की मी चमकतो. चमका मोजून कागदावर मांडल्या की टेकाडं उठतात. ज्या त्या अणूची टेकाडं ठरलेली.

हे काम तुंगा करायची. तिचे अण्णा, म्हणजे वडील, रंगनाथ शिंपी. दर गुरुवारी देवळात कीर्तन करायचे. मला पुसताना तुंगा अभंग गुणगुणायची. तिच्या आवाजानं मी सुखावायचो.

किरण सोडणाऱ्या पदार्थाचा ताजा नमुना दर गुरुवारीच माझ्यापुढे यायचा. एकदा त्यात नवंच टेकाड उठलं! कुठल्या पुस्तकात नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा. तिचे मार्गदर्शक वादिराज सर हरखले. "अय्यो, तुंगा! केंद्रकाची नवी ऊर्जा-पातळी सापडली गं तुला!" दोन वर्षांचा प्रबंध त्या टेकाडावर उभा राहिला. मासिकाला धाडायच्या लेखाचं पाकीट चिकटवून तयार झालं.

त्या गुरुवारी तुंगानं नमुना काढून कपाटात ठेवला. मोजणी बंद करायची राहिली. सहज आकड्यांकडे पाहिलं, आणि ती थिजली. नमुना नाही, तरी टेकाड उभं!

"विठ्ठला, हे कोण बोलतंय?"

मी खोटं बोलत नव्हतो, मित्रांनो. पण मला तोंड कुठे?

तिची नजर माझ्यामागच्या खिळ्यावर गेली. तिथे तिची पिशवी होती. तीत कीर्तनाच्या पेट्रोमॅक्स बत्तीच्या डझनभर जाळ्या. इथूनच ती देवळात जायची ना, दर गुरुवारी! पिशवी बाहेर नेली, टेकाड बसलं. आत आणली, उठलं. त्या जाळ्यांत थोरियम असतं, आणि त्यातूनही गॅमा किरण सुटतात.

पिशवी गुपचूप घरी नेऊन लेख धाडला असता तर कुणाला कळलं असतं?

सर पाकीट न्यायला आले. तिनं सगळं सांगितलं. सरांचा चेहरा पांढराफटक.

"दोन वर्षं गेली की गं!"

"गेली, सर. पण अण्णांच्या बत्तीचा उजेड मी केंद्रकाच्या नावावर कसा खपवू?"

सर पाकीट फाडून म्हणाले, "जा, कीर्तनाला उशीर होतोय. उद्या सुम्ने, हातावर हात ठेवून बसू नकोस. पहिल्यापासून मोजू."

प्रबंध उशिरा झाला. त्यात नवं टेकाड नव्हतं.

पुढे नवी यंत्रं आली. माझ्या डब्याला चीर गेली, कुणी पाहिली नाही. ओल शिरली आणि मी पिवळा पडलो. तुमच्या हाताखालच्या वस्तूंना जपा, मित्रांनो. आणि काहीही मोजायला बसाल, तेव्हा आधी नमुन्याशिवाय, रिकामं मोजा. तेवढ्यात एकदा तुंगाची आठवण काढा.