पंच्याण्णव अंश

"बाई, पंचाहत्तरचे पंच्याण्णव करा आणि मला मोकळं करा," साहेब तपासणीच्या खोलीच्या दारातूनच म्हणाले.

"साहेब, पंच्याण्णवला स्विच बंद पडेपर्यंत आतलं प्लास्टिक मऊ पडतं. मी तापवून बघितलंय."

"तुम्ही चार स्विच तापवलेत. तक्रारी चार हजार आहेत. लोकांचे गीझर मधेच बंद पडतात."

"स्क्रू सैल आहेत, तिथं वायर तापते म्हणून पडतात. त्यासाठीच तर तो आकडा."

कारखान्यात मोबाइलवरून चालणारे स्विच बनत. आत वीज जोडणारा-तोडणारा रिले, आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर उष्णता मोजणारा इवलासा मणी. मणी किती तापला की स्विचनं आपणहून बंद व्हायचं, हे ठरवणं बाईंचं काम. आधी इस्त्र्यांसाठी, मग या स्विचांसाठी, बावीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. सगळे त्यांना 'तापबाई' म्हणत, अगदी तोंडावर. साहेबांना ताप, यंत्रांनाही ताप, असं म्हणून त्याही हसत.

"मण्याला पंचाहत्तर कळतात ना, तेव्हा स्क्रूपाशी शंभरी उलटलेली असते," त्या म्हणाल्या.

"मग वायरमननं स्क्रू आवळावा. आपण काय जगाचा मक्ता घेतलाय?"

आकडा बदलायचा कागद बाईंनी तीन दिवस अडवून धरला. चौथ्या दिवशी तो पुन्हा टेबलावर आला तेव्हा त्यावर बाकी सगळ्यांच्या सह्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. बाईंनी सही केली. दुपारपर्यंत नवा आकडा इंटरनेटवरून घरोघरच्या स्विचांत जाऊन बसलासुद्धा. कोणाच्या दारावर टकटक करावी लागली नाही.

तक्रार करणाऱ्यांत एक आजोबा होते, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, एकटे राहणारे. मोबाइलवर तक्रार नोंदवणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांचा फोन कारखान्यात फिरत फिरत बाईंकडे येई. "बाई, अंगाला साबण आणि नळाला गार पाणी. या वयात ही काय थट्टा?" बाई दर वेळी सांगत, "आजोबा, वायरमनला बोलवा, स्क्रू आवळून घ्या. तोवर गीझर लावू नका." आजोबा म्हणत, "मुलगी येणार आहे रविवारी, तीच बघेल."

आकडा बदलल्यावर आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. "बाई, तुमच्या हाताला यश आहे हो! सहा दिवस झाले, एकदाही बंद पडला नाही."

"आजोबा, स्क्रू आवळला का?"

"आता कशाला?"

"आजच्या आज आवळून घ्या. माझं ऐका."

"बरं बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आकडा बदलल्याच्या अकराव्या दिवशी आजोबांचा स्विच खोक्यातून बाईंच्या टेबलावर आला. वितळून कोळशाच्या खड्यासारखा झालेला. आग न्हाणीघरातून आतल्या खोलीत गेली होती. आजोबांना दाराची कडी सापडली नव्हती. अहवालात काय लिहायचं ते साहेबांनी फोनवरच सांगितलं: स्क्रू सैल. ते खोटंही नव्हतं.

अहवाल घ्यायला मुलगी स्वतः आली. चाळिशीची, डोळे सुजलेले. खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाली, "तुम्हीच का त्या बाई? तुम्ही सांगितलं होतं त्यांना. त्यांनी मला सांगितलं. दोन रविवार मी टाळले. माझ्यामुळे झालं हे."

अहवाल तयार होता. हातात द्यायचा आणि गप्प बसायचं, एवढंच उरलं होतं. पण बाईंना ते जमेना.

"तुमच्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "आधी तो पंचाहत्तरला बंद व्हायचा. आम्ही पंच्याण्णव केले. मला माहीत होतं काय होईल ते. तरी सही केली."

मुलगी बघत राहिली. ती ओरडेल, टेबलावरचं काहीतरी फेकेल, असं बाईंना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्या सकाळी बंद पडला असता?"

"वीस मिनिटांच्या आत."

मुलगी हळूच म्हणाली, "बंद पडला की ते मला फोन करायचे. रोज सकाळी. मी वैतागायचे, म्हणायचे, बाबा, ऑफिसला निघालेय, आता नको. मग फोन यायचे बंद झाले. मला वाटलं, चला, सुटले."

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो नुसता हातात धरला.

"आता तो आकडा परत खाली आणणार का?"

"नाही. मी लिहून दिलं, पण साहेब नाही आणणार. स्क्रू सैल होता ना."

तिनं मान हलवली, अहवाल न वाचताच पर्समध्ये घातला. बाई तिला फाटकापर्यंत सोडायला गेल्या. दोघी शेजारी शेजारी चालल्या. पहारेकऱ्यानं फाटक उघडलं. मुलगी बाहेर पडली आणि सवयीनं मागे वळून म्हणाली, "येते."

'या' म्हणायचं असतं. बाईंचे ओठ हलले, पण शब्द काही बाहेर आला नाही. ती रस्ता ओलांडून दिसेनाशी झाली, तरी त्या फाटकाशी तशाच उभ्या होत्या.