अकराची सभा नऊलाच संपली

कवठाळवाडीची ग्रामसभा पंढरी शिपायाच्या पिशवीत भरायची. खोटं वाटत असेल तर देवणी तालुक्यात कुणालाही विचारा. पिशवीत ठरावाची वही, शाईचं पॅड आणि एक पेन. पंढरी ओट्याओट्यावर टेकायचा, चहा प्यायचा आणि सह्या-अंगठे गोळा करून जायचा. वर काय लिहिलंय हे विचारायची गावात रीतच नव्हती.

ऑगस्टातल्या एका सकाळी तो कस्तुराबाईच्या दारात आला, तेव्हा ती भाकरीचं टोपलं डोक्यावर घेऊन खुरपणीला निघाली होती.

"काकू, एवढी सही द्या, मग जावा."

"मालकाची बी लागंल की. ते शेतात हायत. चल."

पंढरी मागं निघाला आणि फसला. कारण शेताची वाट म्हणजे पाणंद, आणि त्या पाणंदीचा चिखल साधासुधा नव्हता. त्यानं एक अख्खा ट्रॅक्टर गिळून नुसता ढेकर दिला होता. एका पाहुण्याचा रुतलेला बूट तर तीन महिन्यांनी मुदखेडच्या स्टेशनावर निघाला म्हणतात. कस्तुराबाईला बुटाचं काही नव्हतं. मागच्या पावसाळ्यात तिच्या थोरल्या सुनेला आखाड्यावरच्या शेतघरातनं बाजेवर घालून आणताना लेकरू या चिखलातच जन्मलं होतं. आता धाकटी, सृष्टी, आखाड्यावर राहत होती आणि तिला सातवा लागला होता. पाणंदीवर खडी-मुरूम पडावा, एवढंच कस्तुराबाई दोन वर्षं मागत होती.

गुडघाभर रुतलेला पंढरी ओरडला, "काकू, वही धरा, भिजंल!"

तिनं वही घेतली, मधल्या धोंड्यावर बैठक मारली आणि बोट फिरवत वाचू लागली. "'सभा सकाळी अकरा वाजता सुरू झाली. गावाच्या तोंडाशी स्वागत कमान बांधण्याचे सर्वानुमते ठरले. सभा साडेअकरा वाजता संपली.'" खाली आजचीच तारीख होती. ठिकाणापुढची जागा कोरी. तिनं फोनात बघितलं. नऊ वाजून पाच मिनिटं.

"पंढरी, अकराची सभा नऊला संपली व्हय रं?"

"ग्रामसेवक साहेब आधीच लिहून ठेवतात, काकू. टाईम वाचतो."

"दोन तास वाचले म्हण की. मग आता सभा भरवू."

खुरपणीला जाणाऱ्या सगळ्या बायांची वाट हीच होती. आली बाई की कस्तुराबाई तिला थांबवायची. गडी माणसंही अडकली. दहापर्यंत पाणंदीत अशी दाटी झाली, की बेडकांनाही उडी मारायला जागा उरली नाही. मोजून एकशे बारा डोकी. गणसंख्येला शंभर पुरे होती.

गावच्या कामांचा आराखडा ठरावासकट संध्याकाळच्या आत तालुक्याला जायचा होता आणि सह्यांची वही इथं अडकलेली. म्हणून सरपंच रविकिरण ग्रामसेवकाला घेऊन पावणेअकराला आला. पायात पांढरे बूट.

"काकू, वही द्या. सभा पंचायतीत असते."

"पंचायतीत कुणी हाय का? गाव तर हितं हाय."

"अशी रस्त्यात सभा होते का कुठं?"

"रस्ता कुठं हाय हितं? असता तर आम्ही बसलो असतो का?"

बाया खिदळल्या. रविकिरणनं आवाज चढवला. "मी अध्यक्ष आहे! मी निघालो की सभा बंद!"

"जावा की," गर्दीतून सरजाबाई म्हणाली. ती उपसरपंच होती. तीन वर्षांत तिला पंचायतीत खुर्ची मिळाली नव्हती. खुरपं कमरेला खोचून ती धोंड्याजवळ आली. "सरपंच न्हाई तर मी. असंच हाय ना, ग्रामसेवक?"

ग्रामसेवकानं सरपंचाकडं बघितलं, मग एकशे बारा खुरप्यांकडं. "नियम तसाच आहे," तो पुटपुटला.

रविकिरण जागचा हलला नाही. हलता येतही नव्हतं म्हणा, बूट केव्हाच दिसेनासे झाले होते.

अकराच्या ठोक्याला सभा सुरू झाली. ग्रामसेवकानं ठिकाणाच्या कोऱ्या जागेत 'पाणंद' लिहिलं. कमानीच्या बाजूनं एकही हात वर आला नाही. पाणंदीच्या बाजूनं चिखलानं भरलेले इतके हात वर गेले, की ग्रामसेवकाला दोनदा मोजावे लागले. मग त्यानं कमानीचा ठराव आडवी रेघ मारून रद्द केला, खाली पाणंदीवर खडी-मुरूम टाकायचा ठराव लिहिला आणि सह्या झाल्या. वाचून झाल्या, म्हणून दुपार झाली.

"तालुक्याला हे चालणार नाही," रविकिरण दातओठ खात म्हणाला. "मी आत्ताच फोन करतो."

"कर की," कस्तुराबाई म्हणाली. "म्हणावं, बाया वही घेऊन निघाल्यात."

पंढरीनं सवयीनं पिशवी उघडून पुढं केली. कस्तुराबाईनं वही पदरात गुंडाळली आणि भाकरीचं टोपलं त्याच्या हातात दिलं.

"हे मालकाला पोचव. म्हणावं, खुरपणी उद्या. आज मी देवणीला चालले."

"एकट्याच, काकू?"

तिनं मागं वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. साठ-सत्तर बायांचे पाय चिखलातून निघताना होणारा आवाज पार देवणीच्या बसस्टँडवर ऐकू गेला.