तळ्याकडची खोली

झूराकानच्या म्हातारपणाचा नकाशा तिच्या पलंगाच्या वर, भिंतीला चिकटवलेला होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तिनं तो स्वतःच्या हातानं काढला होता. चार खोल्या, मागच्या अंगाला चूल, कुंपणाशी जर्दाळूची तीन झाडं. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या खोलीवर फुली होती. ती तिची खोली. तिची खिडकी इस्सिक-कुल तळ्याच्या पाण्याकडे.

तो पलंग मॉस्कोतल्या ज्या घरात होता, तिथे दोन खोल्यांत आठ बायका राहत. सगळ्या किर्गिझ, सगळ्या कुणाच्या तरी फरशा पुसणाऱ्या नाहीतर भांडी घासणाऱ्या, आणि सगळ्यांचंच गावाकडे घर बांधणं चाललेलं. रविवारी चहा झाला की कागद निघत. म्हातारपणी ऊन कुठून येईल, चुलीचा धूर कुठून जाईल, गुडघे दुखायला लागल्यावर पायऱ्या किती असाव्यात, यावर तासन्‌तास वाद चालत.

"तुझ्या घराला खिडक्याच फार, ताई," खालच्या पलंगावरची उल्कान म्हणायची. "वाऱ्यानंच मरशील."

"आणि तू तुझ्या घराला दारच काढलं नाहीस. आत शिरशील कशी? धुराड्यातून?"

मग आठही जणी हसत. एकोणीस वर्षं त्या असंच हसत आल्या होत्या.

घर बांधलं ते फोनवरूनच. गवंडी भिंतीसमोर फोन धरायचा आणि झूराकान रुग्णालयाच्या जिन्याखाली, बादलीशेजारी उभी राहून सांगायची. कोपऱ्यातली खिडकी तिनं एकदा बांधून झालेली पाडायला लावली. पलंगावर पडल्या पडल्या पाणी दिसलं पाहिजे, हा तिचा हट्ट.

"अहो ताई, तळं कुठे पळून चाललंय का?" गवंडी वैतागून म्हणाला होता.

"तळं नाही रे. माझे दिवस पळतायत. तू पाड."

घर मुलाच्या, एल्दियारच्या नावावर होतं. तो धाकटा आणि तो एकुलता. आमच्या किर्गिझांत घर धाकट्याचं आणि आईबाप त्याच्यापाशी, हे काही कुणी कागदावर लिहून ठेवत नाही. झूराकानची सासूही अशीच अकरा वर्षं तिच्यापाशी राहिली होती. चुलीच्या उबेला बसायची आणि दिवसभर चुका काढायची. दूध उतू घालवलंस, कणीक सैल मळलीस, चहात पाणीच फार. तेव्हा झूराकान मनात चडफडायची. आता तिला वाटायचं, केवढं राज्य होतं म्हातारीचं!

त्या वसंतात झूराकानला अठ्ठावन्न पुरी झाली. रुग्णालयात तिनं सांगून टाकलं, एवढा मे महिना, मग मी चालले. उरलेला महिना भरायचा होता आणि सामान आवरायचं होतं, म्हणून एप्रिलात ती दहा दिवसांसाठीच गावी गेली, परतीचं तिकीट काढून. मुलाला तिनं दहा दिवसांसाठी येतेय एवढंच कळवलं होतं, पुढचं नाही. आपल्या घरात, आपली माणसं जमवून, भरल्या पानावर सांगायचं होतं: आता मी कायमची येतेय.

एल्दियार फाटकाशी उभा होता. तिला मिठी मारताना त्याचे डोळे भरले. सून महाबत लवून नमस्कार करून म्हणाली, "या आई, दमला असाल. तुमची खोली तयार आहे."

खोलीच्या दारावर पितळेचा आकडा होता. चार. आत पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेले दोन पलंग होते आणि त्यांवर टॉवेल हंसासारखे दुमडून ठेवले होते. भिंतीवर एक पाटी होती, रशियन आणि इंग्रजीतली. बूट बाहेर काढावेत. मोठ्यानं बोलू नये. जायच्या दिवशी बारापर्यंत खोली रिकामी करावी.

"उन्हाळ्यात प्रवासी येतात, आई," एल्दियार हौसेनं सांगू लागला. "सगळ्यांना हीच खोली हवी असते. पडल्या पडल्या पाणी दिसतं ना! तू काय डोकं लढवलंस तेव्हा. फोटो टाकला की लोक याच खिडकीवर भाळतात."

झूराकान पलंगावर आडवी झाली. पाणी दिसलं. जसं हवं होतं तसंच, निळं आणि लांबचलांब. तिनं दुमडलेला हंस उचलून उशाशी ठेवला. उलगडायचं तिच्या जिवावर आलं.

पुढचे आठ दिवस सुनेनं तिला काडी उचलू दिली नाही. भांड्यांना हात लावला की, "राहू द्या आई, तुम्ही बसा." मीठ शोधायला कपाट उघडलं की, "काय हवंय? मी देते ना." चहा आमच्या रीतीप्रमाणे अर्धी वाटीच ओतायची, पुन्हा पुन्हा, अदबीनं; भरली वाटी म्हणजे आता उठा. बोट ठेवायला जागा नाही. झूराकानला सुनेची एखादी चूक काढावीशी वाटत होती, पण कशाची काढणार? कणीकसुद्धा चांगली मळली होती.

शनिवारी दुपारी एल्दियारनं आईसाठी मेंढा कापला. भाऊबंद आले, शेजारची काल्बूबू आजी आली. झूराकानला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. समोर कणकेचे तळलेले बोर्सोक, गेल्या वर्षीच्या जर्दाळूंचा मुरंबा, मग वाफाळलेलं मांस आणि शेवया. सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलले. हिनं एकटीनं पोराला वाढवलं, हिनं हे घर उभं केलं. झूराकान ऐकत होती आणि शब्द जुळवत होती. चहा येऊ दे, मग सांगू.

चहा आला तोवर माणसं उठायच्या बेतात होती. रिवाजाप्रमाणे महाबत दाराशी पिशव्या भरायला बसली. मेजवानीहून पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. उरलेलं मांस आणि बोर्सोक बांधून द्यायचे, त्याला केशिक म्हणतात. एकेका पिशवीला गाठ मारून ती नाव घेऊन देत होती. आणि सगळ्यात पहिली, सगळ्यात मोठी पिशवी दोन्ही हातांत धरून ती झूराकानसमोर वाकली.

"आई, ही तुमची. मीठ जरा चढवून लावलंय, वाटेत खराब नाही व्हायचं."

 काल्बूबू आजीनं तोंडातला घास तसाच धरला.

"अगं बाई," ती म्हणाली, "घरच्या माणसाला कुणी केशिक देतं का?"

महाबत कानापर्यंत लाल झाली. "नाही म्हणजे... आई उद्या जाणारच आहेत ना, म्हणून..."

"काल्बूबू आजीला सगळ्यात काड्या घालायची सवय आहे," एल्दियार हसत म्हणाला, पण त्याचं हसू कुणी उचललं नाही.

झूराकाननं पिशवी हातात घेतली. गरम होती.

"आणि समजा," ती म्हणाली, "जूनपासून मी इथेच राहायला आले तर?"

"जूनपासून?" महाबतनं नवऱ्याकडे पाहिलं.

एल्दियारनं मानेवरून हात फिरवला. "जून ते सप्टेंबर खोली दिलीय गं. लोकांना शब्द दिलाय. थंडीत मोकळी असते, पण थंडीत त्या बाजूचं पाणी आम्ही बंद ठेवतो, नळ फुटतात." मग एकदम काहीतरी चांगलं सुचल्यासारखा त्याचा चेहरा उजळला. "आणि खरं सांगू का आई? तुला इथे करमायचं नाही. तू आता शहराची झालीस."

तो हे मनापासून म्हणत होता. तेच वाईट होतं. खोटं बोलला असता तर तिनं सगळ्यांदेखत त्याचा कान धरला असता.

"गंमत केली रे," झूराकान म्हणाली. "मला कुठला वेळ!"

सगळे मोकळेपणानं हसले. काल्बूबू आजी तेवढी हसली नाही. ती खाली बघून आपल्या पिशवीची गाठ चाचपत राहिली.

रविवारी अकरा वाजताच झूराकाननं खोली रिकामी केली. चादर ओढून नीट केली. हंस तसाच्या तसा पलंगावर ठेवला.

मॉस्कोत सोमवारी सकाळी तिनं पिशवी टेबलावर ठेवली. उल्कान कामावर निघण्याच्या घाईत होती, तरी गाठ सोडून आत डोकावलीच. वास घेऊन तिनं डोळे मिटले. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, हे तर केशिक आहे. बांधलंय बघ कसं. तू तर घरी गेली होतीस ना? मेजवानी कुणाकडे झाली?"

झूराकान पलंगावर चढत होती. नकाशाची वरची पट्टी सुटून कागद पुढे लोंबत होता. तिनं तो अंगठ्यानं भिंतीला दाबून धरला, सोडला, तो पुन्हा लोंबला.

"आहेत ओळखीची," ती म्हणाली. "माणसं चांगली आहेत. घर फार छान बांधलंय त्यांनी. तळ्याकडे खिडकी आहे."

"मग तू कधी निघतेस?"

"खा तू," झूराकान म्हणाली. "मीठ जरा जास्त आहे, पण खा. मला रुग्णालयात जाऊन सांगायचंय, माझ्या जागी कुणी घेतलं नसेल अजून, तर मीच राहते म्हणून."