प्रत्येक तबकडीला वेगळा कप्पा

मी एक जुनी लायब्ररी आहे मित्रांनो, पण पुस्तकांची नव्हे. इतर प्रोग्रामांनी हवा तेव्हा वापरावा असा तयार कोड, त्यालाही लायब्ररी म्हणतात. चकचकीत तबकड्यांवरचा मजकूर आणि आवाज वाचून देणं हे माझं काम.

मला दोन भावंडांनी घडवलं, स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या खोलीत. धाकट्या भावाला भारी घाई.

"सगळं एकाच फाइलीत कोंबू या, ताई. सीडीच तर वाचायची आहे!"

"आणि उद्या दुसरी तबकडी आली की सगळं उकरत बसशील? दार एकच ठेव. आत प्रत्येकीला वेगळा कप्पा."

ताईचंच चाललं. तबकडी आली की मी आधी तिचा प्रकार ओळखायचे, मग नेमका कप्पा उघडायचे. डीव्हीडी आली, ब्लू-रे आली. कप्पे वाढत गेले, जुना एकही मोडावा लागला नाही. दवाखान्यांत, स्टुडिओंत माझं कौतुक झालं.

मग तबकड्याच मागे पडल्या. त्यातच ताई आजारी पडली आणि गेली. भावाने मला बंद केलं ते केलंच. तिच्या हातच्या ओळी वाचणं त्याला सोसेना.

काही वर्षांनी अंधशाळेतल्या बाई घरी आल्या. शाळेच्या जुन्या संगणकांवर मीच तबकड्या वाचून द्यायचे, पण नव्यांवर मी चालत नव्हते.

"मुलांचे सगळे धडे तबकड्यांवर आहेत हो. ते स्वतःच्या आवाजात वाचून ठेवणारे आमचे सर आता नाहीत. तबकड्याही खराब व्हायला लागल्यात."

"ते माझ्या बहिणीचं काम आहे. माझ्याच्याने नाही व्हायचं."

बाई म्हणाल्या, "सर गेल्यावर त्यांचा आवाज मलाही ऐकवत नव्हता. मुलं थांबली होती, म्हणून लावला."

त्याने मला उघडलं. डोळे पुसत, ओळीमागून ओळ वाचली. नव्या संगणकाशी बोलणारा भाग तेवढा बदलला. कप्प्यांना हातही लावावा लागला नाही.

शाळेत सरांचा आवाज उमटला तशी मुलांची कुजबुज थांबली. दोन तबकड्या मात्र मलाही वाचता आल्या नाहीत. त्यांच्यावरचा चकचकीत थर पार उडाला होता. ते धडे कायमचे गेले. उरलेले सगळे भावाने शाळेच्या संगणकांवर उतरवून दिले.

मित्रांनो, तबकडी कपाटात जपली म्हणजे आवाज जपला, असं समजू नका. ती वाचणारं यंत्र लागतं, मी लागते, आणि मला चालू ठेवणारं माणूस लागतं. तुमच्या घरी अशी एखादी तबकडी असेल, तर आजच तिची प्रत करून घ्या. मग मला कोणी हाक मारली नाही तरी चालेल. माणसांचे आवाज तेवढे राहू द्या.