उरलंसुरलं

दौलतरावांनी तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर तीच घरात सुरू केली. सिंदी मेघेतल्या त्यांच्या घरी फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला होता. उभ्या रेघा, आडव्या रेघा, वार, वेळ, पदार्थ, वजन, आणि शेवटी लाल शाईने भरायचा रकाना : शेरा. तक्ता बायकोच्या जेवणाचा होता. गोपिकाबाईंना साखरेचा आजार जडून दहा वर्षं झाली होती, वजन ब्याऐंशी किलोवर गेलं होतं आणि रात्री धड झोप म्हणून लागत नव्हती. वजन उतरलं नाही तर पुढे डोळे आणि किडनी सांभाळणं कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दौलतराव घाबरले. दुसरा कोणी घाबरला असता तर नवस बोलला असता, यांनी पट्टी घेऊन रेघा आखल्या. त्यांचं बायकोवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. ते प्रेम कारकुनाचं होतं, एवढंच.

तक्त्यातला मजकूर आहाराच्या मॅडमनी सांगितलेला. मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, ‘‘आजी, दिवसभरात काय काय खाता?’’

‘‘सकाळी चहा. मंग दोन पोळ्या अन् भाजी. संध्याकाळी एखादी भाकर, वरण, थोडासा भात,’’ गोपिकाबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

मॅडमनी भात बंद केला, चहातली साखर बंद केली. रात्रीची एक ज्वारीची भाकर, दोडका नाहीतर लवकी, म्हणजे दुधी, आणि जेवण सातच्या आत. उशिरा जेवलं की झोप बिघडते, झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी भूक चळते, भूक चळली की वजन वाढतं, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. गोपिकाबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘‘पोरगी मोठी गुणाची आहे. पर लवकीले काय चव राह्यते वो?’’

त्या दिवसापासून अख्ख्या घराला लवकी लागू झाली. मुलगा आदेश हिंगणघाटहून नोकरी करून रात्री नऊला यायचा, दोन घास खाऊन ताट सारायचा. नऊ वर्षांची नात खुशी शाळेच्या डब्यातली मुगाची उसळ अर्धी तशीच परत आणायची. सून ज्योत्स्ना शाळेत शिक्षिका, तिला तपासायच्या वह्यांतून मान वर काढायला फुरसत नव्हती. आणि दौलतराव? ते चार वाजता फिरायला म्हणून आर्वी नाक्याकडे जायचे आणि टपरीवर तर्रीत बुडवलेले दोन आलूबोंडे हाणायचे. मिशी पुसून घरी यायचे. सातला बायकोसोबत जेवायला बसले की अर्धी भाकर आणि सगळा दोडका ताटात तसाच. ‘‘झालं माह्यं,’’ म्हणून ताट पुढे ढकलायचे आणि लाल पेन घेऊन फ्रिजकडे वळायचे.

सगळ्यांची जेवणं आटोपली की गोपिकाबाई ओटा आवरायला घेत. त्यांचं माहेर रोहणा गावचं, अकरा तोंडांचं. तिथं ताटात शीत राहिलं तर आई पुन्हा ताटावर बसवायची. अन्न टाकायचं म्हटलं की गोपिकाबाईंचा हात पुढेच होत नसे. मग खुशीच्या डब्यातली उसळ, आदेशसाठी वेगळा टाकलेला आणि उरलेला भात, पातेल्याच्या बुडाचं वरण, नवऱ्याच्या ताटातली अर्धी भाकर, असं सगळं त्या ओट्याशी उभ्या उभ्या संपवून टाकत. उभ्याने खाल्लेलं त्यांच्या लेखी जेवण नव्हतंच. भांडी विसळावीत, ओटा पुसावा, तसं तेही एक काम. म्हणून ते मॅडमना सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. घरात चार जणांना रोज दिसत होतं आणि चौघांपैकी कोणी ते खाण्यात मोजलं नाही.

तीन महिन्यांनी वजन भरलं साडेत्र्याऐंशी. साखर आणखी चढली. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली आणि दौलतरावांना बजावलं, ‘‘आजोबा, ही गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचंच. उपाशीपोटी चालणार नाही.’’

‘‘मी आहे ना,’’ दौलतराव म्हणाले. गोळ्यांचा डबा त्यांच्याच ताब्यात होता. त्याच दिवशी त्यांनी चिवड्याचा आणि गुळाचा डबाही कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. गोपिकाबाईंनी ते पाहिलं आणि दोडका चिरायला घेतला.

मॅडमकडे गेले तेव्हा बाकावर सात-आठ पेशंट बसले होते. त्यांच्याच गल्लीतली नलूही होती. दार उघडंच होतं. मॅडम कागद पाहून म्हणाल्या, ‘‘असं कसं झालं? आजी, तक्ता पाळता ना?’’

गोपिकाबाई तोंड उघडणार तोच दौलतराव म्हणाले, ‘‘मॅडम, तुमच्या तक्त्यात चूक नाई. हे चोरून खाते.’’

‘‘मी चोरून काई नाई खात वो,’’ गोपिकाबाई हळूच म्हणाल्या.

‘‘मंग वजन काय हवेनं वाढून राह्यलं?’’

बाकावरचे हसले. नलूही हसली. दौलतरावांना जरा बरंही वाटलं, कचेरीतही त्यांच्या अशा बोलण्यावर लोक हसायचे. ऑटोत गोपिकाबाई पदर तोंडाशी धरून बाहेर बघत बसल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने त्यांना पुष्कळ काही म्हटलं होतं. चोर म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा स्वयंपाक केला. सात वाजता नवऱ्याचं ताट वाढलं, स्वतःचं घेतलं नाही.

‘‘काऊन? तुह्यं ताट कुठं हाय?’’

‘‘भूक नाई मले.’’

‘‘रुसली काय? रूस बापा. एक दिवस नाई जेवली तर काई बिघडत नाई. वजनच उतरन.’’

आणि त्यांनी डब्यातून गोळी काढली, बायकोच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा गिलास पुढे केला. गोपिकाबाईंनी ती मुकाट्याने घेतली.

डॉक्टरांचं बोलणं दौलतराव विसरले होते का? नाही. ही गोष्ट सांगायची तर इथं लपवाछपवी चालायची नाही. त्यांना सगळं आठवत होतं. पण त्यांना खात्री होती की घर झोपलं की ही उठणार आणि काहीबाही खाणारच. खाईल चोरून, जाते कुठे, असं ते मनाशी म्हणाले. मग त्यांनी आपली अर्धी भाकर सोडली, हात धुतला आणि तक्त्यावर लाल शाईने शेरा मारला : रात्री जेवण नाही. उत्तम.

सकाळी सहाला चहाचा आवाज आला नाही. दौलतरावांनी दार लोटून पाहिलं, गोपिकाबाई कुशीवर शांत झोपल्या होत्या. इतक्या वर्षांत तिला असं गाढ झोपलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पोट हलकं ठेवलं तर झोप कशी लागते बघा, असं त्यांना वाटलं आणि जीव सुखावला. त्यांनी पंखा एकावर केला, दार हळूच ओढून घेतलं आणि खुशीला दटावलं, ‘‘आवाज नको करू. आजी झोपली हाय.’’ दोन तास ते दाराबाहेर खुर्ची टाकून पहारा देत बसले.

आठ वाजता ज्योत्स्ना हाक मारायला गेली. उशी घामाने भिजली होती, तोंडातून लाळ आली होती, आणि सासू हलवूनही हलत नव्हती. फ्रिजमध्ये पाच वाट्या होत्या, प्रत्येकीवर झाकण. रात्रीचं उरलेलं सगळं गोपिकाबाईंनी जसंच्या तसं ठेवून दिलं होतं.

दवाखान्यात साखरेचा इतका खाली गेलेला आकडा पाहून नर्सने मशीन बदलून पुन्हा तपासलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘रात्री काय जेवल्या होत्या?’’ आदेशने बापाकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी, डोळे न उघडताच, गोपिकाबाई गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि आठवड्याभरात फ्रिजला वास यायला लागला. एका सकाळी घंटागाडीची शिट्टी वाजली आणि ज्योत्स्ना वाटीमागून वाटी बादलीत उपडी करताना दौलतरावांना दिसली. आंबलेलं वरण, बुरशी आलेला भात, वाळून कडक झालेल्या अर्ध्या अर्ध्या भाकरी.

‘‘इतकं उरते रोज?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पहिलेही उरायचंच, बाबा.’’

‘‘मंग तवा काय करत होतो आपण?’’

ज्योत्स्नाचा हात थांबला. ‘‘आई खायच्या,’’ ती म्हणाली. ‘‘मी दोनदा म्हटलं त्याईले, टाकून द्या. मले म्हणे, हे काय खाणं हाय का वं, उरलंसुरलं तर हाय. मी पुन्हा नाई बोलली बाबा. बोलाले पाह्यजे होतं मी.’’ आणि ती तिथंच बादलीपाशी बसून रडायला लागली.

दौलतराव बादलीकडे बघत राहिले. वरच्या सगळ्या भाकरी अर्ध्या होत्या, आणि घरात भाकर अर्धी सोडणारा माणूस एकच होता. त्यांना आर्वी नाका आठवला, तर्रीचा वास आठवला, मिशी पुसलेला रुमाल आठवला. चोरून खाणारं या घरात कोण होतं ते त्यांना तेव्हा कळलं. बाहेर घंटागाडी शिट्टी वाजवत पुढे निघून गेली.

त्या दिवशी ते फिरायला गेले नाहीत. दिवसभर खोलीत बसून होते. सातला ज्योत्स्नाने हाक मारली तेव्हा ते स्वयंपाकघरात येऊन ताटावर बसले. दोडका, भाकर, ताक. अर्धी भाकर कशीबशी संपली आणि सवयीने त्यांच्या हाताने ताट पुढे ढकललं. ते उठले नाहीत. ताट तिथंच राहिलं.

खुशी आपला गृहपाठ सोडून उठली. आजीचा झिजलेला पाट तिने ओढला, ताटासमोर मांडी घातली आणि आबांच्या उष्ट्या भाकरीचा तुकडा मोडला.

‘‘हे काय करून राह्यली तू?’’

‘‘आजी म्हणे, अन्न टाकू नाई. आता आजी नाई तं मी संपवते ना आबा. माह्या डब्यातलं पण तेच खात होती. मीच तिले सांगत होती, कोणाले नको सांगू म्हणून, नाई तं मम्मी रागवते. तिनं खरंच कोणालेच नाई सांगितलं.’’

दौलतरावांनी तिच्या हातातला तुकडा ओढून घेतला, इतक्या जोरात की पोर दचकली.

‘‘नाई खायचं!’’ त्यांचा आवाज फाटला. ‘‘कोणाचंच उष्टं नाई खायचं पोरी. माह्यं तं बिलकुलच नाई. ऐकलं काय?’’

दौलतरावांनी ताट आपल्याकडे ओढलं आणि ती अर्धी भाकर, ताटातला सगळा दोडका, एक एक घास ताकाबरोबर गिळत, रडत रडत शेवटपर्यंत खाल्ला. समोर फ्रिजवर तक्ता तसाच होता, आणि शेवटच्या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : उत्तम.