दगडी बांधणी

“कच्ची,” असे म्हणून ओव्हरसियरने विहिरीच्या काठावरूनच वहीत नोंद केली. “उद्या तळात सुरुंग लावून खोल करू.”

सहादेव पाथरवटाने पागोटे सावरले. “साहेब, तेवढा शब्द खोडा. हीर दगडी हाय. बावीस वर्सांमागं म्या बांदली. सुरुंगानं समदी आत बसंल.”

बहात्तरच्या दुष्काळात तिसगावच्या या विहिरीने प्रथमच तळ दाखवला होता. वाळलेल्या गाळाचे व शेवाळाचे जाड पुट बाजूंवर असे चढले होते, की वरून पाहणाऱ्यास ती निव्वळ मातीच वाटावी.

“मला तर मातीच दिसते, बाबा.”

“तुमी वरनं बघताय.”

जमलेल्यांत हशा पिकला. सहादेवाची बायको गोजरबाई म्हणाली, “नादी लागू नगा, साहेब. लेक सासरी निघाली तवा ह्यांच्या डोळ्याला टिपूस न्हवता. गाव ह्यांनाच दगडी म्हनतंय.”

भिंतीस लावला तर मान आणि माणसास लावला तर हेटाळणी, असे त्या शब्दाचे दोन भाव गावात चालत. सहादेवास हा भेद कधीच मान्य झाला नव्हता. तो टाकी-हातोडी कमरेला खोचून दोराच्या शिडीने खाली उतरला. टाकीच्या हलक्या घावांनी पापुद्रे गळू लागले. त्यांमागून काळा, घडीव चिरा उघडा पडला. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा.

ओव्हरसियरही खाली उतरला. दोन चिऱ्यांच्या सांध्यात त्याने वहीच्या पानाची कड घालून पाहिली. पान दुमडले, आत गेले नाही.

“चुना कुठला वापरलात?”

“चुना न्हाईच. दगूड दगडावर बसवलाय.”

ओव्हरसियरने पहिला शब्द खोडला, वर ‘दगडी’ असे लिहिले आणि खाली पुस्ती जोडली: ‘सुरुंग नको. हाताने खणावी.’

“म्हंजी म्हैनाभर पहारी हाणायच्या,” वरून गोजरबाई करवादली.

“पयली माझी,” सहादेव तळातून म्हणाला.

पुढल्या श्रावणात विहीर भरू लागली. एकेक थर पाण्याखाली जाताना सहादेव काठावर बसून पाहत होता. गोजरबाई घागर घेऊन आली.

“झाकलं की पुन्ना समदं. आता कोन बघनार?”

“कुनी बघाया कशाला पायजे? उबी हाय न्हवं?”

तिने घागर बाजूस ठेवली आणि त्याच्याशेजारी बसली. अखेरचा थर बुडेपर्यंत दोघांपैकी कोणीही उठले नाही.